शेवटी ठेवलेला शब्द

“कपबशा उचला आता,” हेंद्रे सर म्हणाले. “जागा लागेल.”

मी उठायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. “तू नको. तू बस. खरं काम तुझंच आहे.”

यमुनामावशी आतून आली आणि पोह्यांच्या बशा एकात एक रचून घेऊन गेली. जाताना तिनं माझ्या खांद्याला हळूच कोपर लावलं. म्हणजे तयार राहा. मी तयारच होते. गेले पंधरा दिवस मी दुसरं काही केलंच नव्हतं.

सरांच्या पत्नीनं पर्समधून एक निळी कापडी पिशवी आणि एक लहानसं गजराचं घड्याळ काढलं. पिशवी नवऱ्याला दिली, घड्याळ स्वतःच्या मांडीवर ठेवलं. दोघांत एक शब्द झाला नाही, इतकी ती सवयीची गोष्ट होती. सरांनी पिशवी टीपॉयवर उपडी केली. लाकडाचे चौकोनी तुकडे होते, प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर. त्यातले दहा निवडून त्यांनी माझ्यासमोर ओळीनं लावले आणि बाकीचे पुन्हा पिशवीत भरले.

एच, ई, ए, डी, एम, ए, एस, टी, ई, आर.

अप्पांकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी बघितलंच. अप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद कुणालाही कळला असता. मला वाटलं, हे आता टाळी वाजवतात.

“आमच्या घरची ही जुनी पद्धत आहे,” सर सांगू लागले. “रोज दिवेलागणीला आम्ही बसतो. एका मोठ्या शब्दाची अक्षरं मांडायची आणि त्यातून छोटे इंग्रजी शब्द काढायचे. समोर आहेत तेवढीच अक्षरं वापरायची. दहा मिनिटं. मग जेवण. मुकुंद शाळेतसुद्धा जात नव्हता तेव्हापासून बसतोय. काय रे?”

“हो,” मुकुंद म्हणाला. मुकुंद म्हणजे नवरा मुलगा. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, रंगानं सावळा, डोळे झोपेतून नुकतेच उठल्यासारखे. आल्यापासून तो एवढंच बोलला होता.

मला तेव्हा सत्ताविसावं चालू होतं. फलटणमध्ये अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे आमचं घर. आई मी कॉलेजात असतानाच गेली. तेव्हापासून मी दुकानात साड्यांना पिको-फॉल करत होते आणि अधूनमधून आमसुली साडी नेसून पाहुण्यांसमोर बसत होते. साडी तीच, पोहे तेच, प्रश्नही तेच. किती जण बघून गेले ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. जाताना सगळे “कळवतो” म्हणायचे. त्या कळवण्याची वाट बघायचं अप्पांनीही सोडलं होतं. फक्त मावशीनं अजून हात टेकले नव्हते. ती आईची धाकटी बहीण, आमच्याच गल्लीत दिलेली.

साताऱ्याचं हे स्थळ तिनंच आणलं. आणताना स्थळाबरोबर अक्षरंही आणली.

“मुलीला इंग्रजी आलं पाहिजे, एवढीच अट आहे,” ती म्हणाली होती. “बघायला येतात तेव्हा शब्द काढायला लावतात. पण दरवेळी तीच अक्षरं देतात बघा. हेडमास्टर होते ना, म्हणून हेडमास्टर ह्या शब्दाची. लोणंदच्या एका मुलीला नाकारलं, तिच्याकडनं कळलं.”

“म्हणजे पेपर फुटलाय म्हण की,” अप्पा म्हणाले.

गिऱ्हाइकाच्या कापडाची उरलेली चिंधीसुद्धा घडी घालून परत देणारा हा माणूस. मला वाटलं, नको म्हणतील. पण त्यांनी मशीन थांबवलं, शर्टपीसच्या रिकाम्या खोक्याचे पुठ्ठे काढले आणि मोठ्या कात्रीनं कराकरा त्याचे चौकोन कापले. कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं मी त्यावर अक्षरं लिहिली. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं ओळखू यायची, कापडाच्या लेबलांवरून, एवढंच.

दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा आम्ही कटिंगच्या टेबलाशी बसायचो. वाचनालयातून आणलेली जाडजूड डिक्शनरी अप्पांच्या पुढ्यात, पुठ्ठे माझ्या पुढ्यात. अप्पा एकेका शब्दावर बोट ठेवायचे आणि त्यातली अक्षरं आमच्याकडे आहेत का ते तपासायचे. “एच आहे. ए आहे. टी आहे. घे.” डिक्शनरी पहिल्या पानापासून सुरू केली होती, त्यामुळे मी पाठही त्याच क्रमानं करत गेले. त्यात काही चुकतंय हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

“मेअर म्हणजे काय?” अप्पा मध्येच विचारायचे.

“घोडी.”

“असू दे. घोडीपण घे.”

मला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता. नुसता अभ्यासाचा नाही. आपल्याला कुणीतरी पसंत करावं म्हणून घोडी पाठ करायची, ह्याचाच. पण अप्पांना उत्साह होता, आणि आई गेल्यापासून ते माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. म्हणून मी पाठ करत राहिले.

एका दुपारी अप्पा अचानक उठले. मशीनवरचं दोऱ्याचं रीळ काढून घेऊन आले आणि त्यावरच्या लेबलातलं एकेक अक्षर माझ्या पुठ्ठ्यांशी लावून बघायला लागले. टी, एच, आर, ई, ए, डी.

“काय म्हणायचं ह्याला?”

“थ्रेड,” मी म्हटलं. “दोरा.”

“सगळी अक्षरं आहेत की,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “आपण अजून टीपर्यंत पोचलोच नाही. हा त्या पुस्तकातला नाही. हा माझा.”

त्या दिवशी जेवताना त्यांनी ते दोनदा सांगितलं. मी म्हटलं, “अप्पा, हा मी सगळ्यात शेवटी म्हणते. तुमचा म्हणून.”

“लक्षात ठेव मात्र,” अप्पा म्हणाले.

तर ती अक्षरं आता खरोखरच माझ्यासमोर होती, लाकडाची. सरांच्या पत्नीनं घड्याळाला किल्ली दिली. मी सुरुवात केली.

“अहेड. आर. आर्म. आर्ट. एट.”

सरांच्या भुवया वर गेल्या. ते बोटांच्या पेरांवर मोजू लागले.

“डेअर. डेट. डिअर. ड्रीम.”

“व्वा,” सर म्हणाले. “पुढं?”

मी पुढं गेले. ईवरचे झाले, एचवरचे झाले. घोडीसुद्धा झाली. शब्द तोंडातून आपोआप येत होते आणि मी भलतीकडेच बघत होते. सरांच्या पत्नीला झोप लागली होती. खुर्चीत ताठ बसल्या बसल्या, पदर नीट, मान किंचित कलती, मांडीवर घड्याळ. ते घसरायला लागलं तेव्हा मुकुंदनं हात लांबवून अलगद स्वतःकडे घेतलं. त्याच्या त्या हाताला सवय असल्यासारखं वाटलं. सरांचं लक्षही नव्हतं. एसवरचे शब्द संपवून मी टीवर आले.

“टेम. टी. टीम. टिअर. थ्री. ट्रेड. ट्री.”

मग मी श्वास घेतला आणि अप्पांकडे बघितलं. अप्पा भिंतीपासून पुढं सरकून बसले होते. आता त्यांचा शब्द येणार होता.

“थांब,” सर म्हणाले. त्यांनी हात वर केला. “सगळं तूच खाऊ नकोस, एखादा मुकुंदला ठेव. मुकुंद, एक सांग. हिनं न सांगितलेला.”

मुकुंद अक्षरांवर वाकला. तिशीचा माणूस, साइटवर पन्नास माणसं हाताखाली असतील, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. घड्याळ टिकटिक करत होतं. मला त्याची दया आली. मी मांडीवरचा हात टीपॉयवर ठेवला आणि एका बोटानं टी हळूच बाजूला सरकवला. मग एच. मग आर. पुढचं त्याला कळायला हरकत नव्हती.

त्याला दिसलं. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, पुन्हा अक्षरांकडे बघितलं, आणि म्हणाला, “नाही येत, बाबा.”

“हा असाच,” सर म्हणाले. रागानं नाही, आज हवा कोरडी आहे म्हणावं तसं. तेवढ्यात गजर झाला. सरांच्या पत्नी दचकून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, “झालं?”

“झालं,” सर म्हणाले. ते खुशीत होते. “आता पोरांना दोन शब्द बोलू द्या. आपण इथं बसू.”

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती. मुकुंद तिच्याशी जाऊन उभा राहिला आणि दोरीवरचा चिमटा उघडझाप करत राहिला. मी पायरीवर बसले. पाठ दुखत होती.

“तुम्ही पाठ केलं होतंत ना?” तो म्हणाला.

“कशावरून?”

“एबीसीडीच्या क्रमानं म्हणत होतात.”

इतके दिवस दोघांनी डोकं लावलं आणि एवढी साधी गोष्ट. “सरांच्या लक्षात आलं नसेल,” मी म्हटलं.

“आलं असणार. त्यांना आवडलं असेल. पाठ करणारी माणसं त्यांना आवडतात.” त्यानं चिमटा दोरीला लावला आणि पुन्हा काढला. “अक्षरं मीच कळवली होती. तुमच्या मावशींना. एका लग्नात भेटल्या होत्या. लोणंदची मुलगी वगैरे कुणी नाही.”

“का?”

“कुणीतरी जिंकावं म्हणून. आधीच्या मुली चांगल्या होत्या. बाबांनी दोन मिनिटांत पिशवी बंद केली.”

“म्हणजे तुमचं लग्न व्हावं म्हणून.”

“हो. म्हणजे,” तो थांबला. मग त्यानं ठरवून टाकल्यासारखं सांगितलं. “खोटं नाही बोलत. बाबांना रोज समोर कुणीतरी लागतं. आई दमली. मीही दमलो. तुम्ही आलात की ते तुमच्यासमोर बसतील. मी साइटवरनं आलो की जरा पडून राहीन. रेडिओ लावीन. दुसरं काही नको मला. तुम्हाला त्रास देणार नाही, काही नाही.”

इतकं सरळ सांगितलं की रागही येईना. माणूस वाईट नव्हता. उलट मला बघायला आलेल्यांत खरं बोलणारा तो पहिलाच.

“आणि मी कधी पडून राहायचं?” मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. “ते माझ्या डोक्यात नाही आलं,” तो म्हणाला.

“मी अक्षरं सरकवली ती दिसली तुम्हाला.”

“दिसली.”

“मग म्हणायचं होतंत.”

“एक सांगितला की दुसरा मागतात,” मुकुंद म्हणाला. “येत नाही म्हटलं की सोडतात. एवढं मी शिकलोय.”

आम्ही आत आलो तेव्हा अप्पा उभे होते. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं, कधी जोडत होते, कधी गळ्यातल्या टेपकडे नेत होते, आणि टेप तर आज काढून ठेवलेली होती. डोळे भरलेले होते. मावशी वाटीत साखर घेऊन दारात.

“कुमू,” अप्पा म्हणाले, “सरांनी होकार दिला. कळवतो नाही, इथंच दिला.”

“पण मुलीला विचारा,” सर हसून म्हणाले. “विचारायची पद्धत आहे.”

“तिचं काय असणार,” मावशी म्हणाली आणि साखर पुढं केली.

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते समोर वाटीत होतं. हो म्हटलं असतं तर अप्पांच्या डोक्यावरचं ओझं तिथल्या तिथं उतरलं असतं. अप्पांचं तोंड बघून माझा जीव गलबलला. पण त्याच वेळी मला त्या बाई दिसल्या. त्या घड्याळ पर्समध्ये नीट बसवत होत्या, काच खाली येणार नाही अशा बेतानं.

“थांब, मावशी,” मी म्हटलं. “मला नाही करायचं.”

मुकुंद दारात चपलांकडे बघत उभा राहिला. त्यानं अक्षरं कळवली हे मी सांगेन अशी त्याला भीती वाटली असावी. मी त्याचं नाव घेणार नव्हते.

“कारण कळेल का?” सरांनी विचारलं.

“मी शब्द पाठ केले होते, सर. मला तेवढेच येतात.”

“ते मला अहेडलाच कळलं,” सर म्हणाले. “त्यात वाईट काय? मेहनत दिसते. पुढचे पाठ करशील. रोज दहा मिनिटं, जास्त नाही.”

“मी दमलेय, सर,” मी म्हटलं.

बोलायला गेले तर कारण एवढंच निघालं. मोठं काहीतरी असेल असं मलाही वाटलं होतं. सरांना ते समजलं नाही. ते पुढचं वाक्य येईल म्हणून थांबून राहिले. सरांच्या पत्नीनं मात्र मान वर केली आणि आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग पर्सची चेन लावली आणि उठल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “सातारा गाडी चुकेल.”

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. मुकुंदनं वर्षभरात लांबच्या धरणावर बदली मागून घेतली असं कानावर आलं. बरं वाटलं. माझंही लग्न झालं, दोन वर्षांनी, बारामतीला. ह्यांना पेपरातलं मराठी कोडंसुद्धा सुटत नाही. मला बघायला आले तेव्हा ह्यांनी एकच विचारलं, पंखा जोरात करू का. अप्पांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

पण त्या दिवसानंतर अप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, माप सांगायचं असेल तर आकडा सांगायचे. मावशीनं महिनाभर आमच्या दारात पाऊल टाकलं नाही. दुपारी दुकान बंद झालं की अप्पा टेबलावर पाठमोरे बसून काजं करत राहायचे आणि मी आत पडून छताकडे बघायचे. झोप यायची नाही. मी त्यांचा उतारवयातला एकुलता एक आनंद मोडला, असंच मला वाटायचं.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. मी बाहेर आले. शटर अर्धं खाली होतं. अप्पांच्या हातात कुणाचातरी शर्ट होता आणि ते मान खाली घालून बटण लावत होते.

“थ्रेड का नाही म्हणालीस?” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. “शेवटी ठेवला होता, अप्पा. तेवढ्यात त्यांनी थांबवलं.”

“तेच बघत होतो मी. म्हटलं, हिला थांबवतात कशाला, हिचा अजून एक राहिलाय. मला म्हणायचं होतं तसं. धीर झाला नाही.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “मग तू तो मुलाला सरकवलास.”

“तुम्हाला दिसलं?”

“माझा शब्द. मला नाही दिसणार?”

मी टेबलावरचं एक सुटं बटण उचलून डबीत टाकलं.

“त्यानं घेतला नाही,” अप्पा म्हणाले.

“नाही.”

“बघूनसुद्धा घेतला नाही.”

“बघूनसुद्धा.”

अप्पांनी शर्टाची घडी घातली. सावकाश, बाहीवर बाही ठेवून. “मग बरं झालं,” ते म्हणाले.

त्यांनी टेबलाखाली वाकून शर्टपीसचं खोकं बाहेर ओढलं. त्यात ते पुठ्ठे होते. मला वाटलं होतं, केव्हाच चुलीत गेले असतील. त्यांनी ते टेबलावर पसरले, उलटे होते ते सुलटे केले. मी समोरचं स्टूल ओढून बसायला लागले.

“दमली आहेस ना?” अप्पा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

“थोडी.”

“मग पड तिथं. मी बघतो काही जमतंय का. सापडला की उठवतो.”

कोपऱ्यात शिवायला आलेल्या कापडांचा गठ्ठा होता. मी त्यावर डोकं टेकलं. नव्या कापडाच्या खळीचा वास येत होता. अप्पा पुठ्ठे सरकवत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते, एच आहे, ए आहे. तेवढं ऐकलेलं आठवतं.

जाग आली तेव्हा शटर पूर्ण वर होतं आणि अप्पा बाहेर ओट्यावर उभं राहून एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. खडूनं लिहिलेल्या अक्षरांच्या कितीतरी जुळण्या त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून ठेवल्या होत्या. बहुतेक जुळण्यांना काही अर्थ नव्हता. एक शब्द मात्र बरोबर होता. त्याखाली त्यांनी रेघ ओढली होती, म्हणजे त्यांनाही ते कळलं होतं. तरी त्यांनी मला उठवलं नव्हतं.